रविवार, आठवडा एक्कावन्न

८ नोव्हेंबर, रविवार

संकल्प. सोल्वेगच्या लुसियाच्या कार्यक्रमाची वेबसाइट मी करणार. एका शनिवार-रविवारात. आजचा रविवार संपत आला, तेव्हा पुढच्या.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो, पुढे यशाचा इतिहास लिहिताना धांदल नको. सोल्वेग, माझी बायको, गेली अठरा वर्षं आमच्या वस्तीतल्या चर्चचं गायनमंडळ चालवते. दर तेरा डिसेंबरला लुसिया, इथला, स्वीडनचा, दिव्यांचा सण. पांढरे झगे, लुसिया झालेल्या मुलीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट, नंतर केशराचे पाव. चर्चमध्ये दोनशे माणसं बसतात. येतात तीस-पस्तीस, त्यांतले निम्मे गाणाऱ्या बायकांचे नवरे. यंदा सोल्वेगचं शेवटचं वर्ष. जानेवारीपासून मंडळ त्यातच गाणाऱ्या टॉर्केलकडे जाणार. काल भांडी पुसताना म्हणाली, एकदाच, फक्त एकदाच ते चर्च भरलेलं बघायचं होतं रे. मग म्हणाली, जाऊ दे, तो कोरडा टॉवेल दे.

टॉवेल दिला. पण ठरवलं. चर्च मी भरणार. वीस वर्षं वेबसाइटच्या धंद्यात आहे. विमा कंपनीच्या तक्रारीच्या फॉर्मपर्यंत मी माणसं आणून सोडतो. गाण्यापर्यंत आणणं काय कठीण?

११ नोव्हेंबर, बुधवार

काम सुरू. साइटसाठी डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, विकत घेतलं. नाव ठरवण्यात संध्याकाळ गेली, पण नाव हेच अर्धं काम. माझ्याकडे आता बरीच डोमेनं झाली. साइट एकावरही नाही. संस्कृत व्याकरणासाठी घेतलेल्या एकावर नऊ वर्षं 'काम चालू आहे' अशी पाटी आहे. पाटी सुंदर आहे. जमीन आधी, घर मागाहून.

१५ नोव्हेंबर, रविवार

शनिवार-रविवार संपला. पान एकही झालं नाही. दोष माझा नाही.

काल सकाळी साइटचा तयार सांगाडा म्हणून जे फ्रेमवर्क निवडलं, ते मेल्याचं दुपारी इंटरनेटवर जाहीर झालं. पंचविशीतली पोरं त्याचे मृत्युलेख लिहीत होती. ते वापरणाऱ्यांनी आता स्वतःला आरशात कसं बघावं, वगैरे. मी संध्याकाळी दुसरं घेतलं. आज सकाळी त्या दुसऱ्याची नवी आवृत्ती आली, आणि ती जुनीला ओळख दाखवत नाही. आमच्या धंद्यात सुतक आणि बारसं एकाच घरात, एकाच दिवशी.

सोल्वेगने विचारलं, दिवस आणि वेळ दिसायला लागली का? तिला तेवढंच हवं आहे. मी म्हणालो, पाया घालतोय. ती म्हणाली, जाहा.

'जाहा' हा इथला शब्द. कोशात अर्थ 'अस्सं'. पण बावीस वर्षांच्या संसारात मी त्याच्या सात छटा वेगळ्या काढल्या आहेत. ही बहुधा तिसरी: कौतुकमिश्रित प्रतीक्षा.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

आज कुकीची पाटी बसवली. कायदाच आहे. स्वीडिश भाषेत कुकीला म्हणतात काका. त्यामुळे साइट उघडली की आधी येतं: आम्ही काका वापरतो, मान्य आहे का? मी एकटाच हसलो. या येव्हले गावात हा विनोद समजणारं दुसरं कोणी नाही. (गावाचं नाव सांगितलं की पुण्याची मावशी अजून मला पैठणीचा भाव विचारते.)

साइट वस्तुतः एकही कुकी वापरत नाही. पण पाटीशिवाय साइट उघडी-बोडकी वाटते. सोळा पर्याय ठेवले. 'फक्त अत्यावश्यक काका' हा त्यांतला माझा आवडता.

शेजारच्या गुनवोरला चाचणीसाठी बोलावलं. वय पंचाहत्तर, मंडळात खालच्या पट्टीत गाते. तिने पाटी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, मुक्के, मला फक्त किती वाजता हे बघायचंय, यात माझ्या संमतीचा काय संबंध? (मुकुंद हे नाव यांनी पहिल्याच वर्षी छाटून 'मुक्के' केलं. मराठीत याचा अर्थ काय, ते मी अजून सांगितलेलं नाही.)

२२ नोव्हेंबर, रविवार

मेणबत्तीची ज्योत झाली! पूर्ण काळ्या पडद्यावर एकच ज्योत, आणि ती हलते. माउस जवळ नेला तर वाऱ्याने झुकावी तशी झुकते. दोन्ही दिवस यात गेले, पण सार्थक झालं. जुन्या फोनवर ज्योतीऐवजी पांढरा चौकोन दिसतो. ज्यांचे फोन जुने, त्यांना श्रद्धा असेल असं धरलं आहे.

सोल्वेगने विचारलं, दिवस आणि वेळ? मी म्हणालो, ज्योत बघ. तिने बघितली. जाहा.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

आज प्रतिभेचा दिवस. ताबडतोब लिहून ठेवतो.

पानावर तारीख ठेवायचीच नाही.

कारण एक: लाघव. सूत्रकार अर्धी मात्रा वाचवण्यासाठी जीव टाकत. मी आख्खी तारीख वाचवतो. कारण दोन, आणि हे इथे मुरलेल्या माणसालाच सुचेल: ही माणसं तारखांत जगतच नाहीत, आठवड्यांच्या आकड्यांत जगतात. दंतवैद्य विचारतो, आठवडा सात जमेल का? शाळेची सुट्टी आठवडा चव्वेचाळीस. नळवाला आठवडा छत्तीसमध्ये येतो म्हणाला होता, कोणत्या वर्षीच्या ते बोलला नाही. मलाही हे आता रक्तात भिनलंय. कुणी आठवडा सांगितला की मी लगेच मान हलवतो, आणि ते गेल्यावर फोनमध्ये बघतो.

तेव्हा काळ्या पानावर ज्योत, आणि खाली बारीक अक्षरांत: लुसिया. रविवार, आठवडा अमुक, पाच वाजता. बस.

२५ नोव्हेंबर, बुधवार

आठवड्याचा आकडा हाताने लिहिणं माझ्या इभ्रतीला शोभत नाही. मोजणारा तयार कोड आणला. त्यात सुरुवातीलाच एक प्रश्न असतो: आठवडा रविवारी सुरू की सोमवारी? कोड अमेरिकेतला, त्यामुळे त्यांनी आधीच 'रविवार' धरलेला. इथले लोक सोमवार धरतात. बदलायला हात पुढे गेला होता.

थांबलो. वार मोजायचे ते रवीपासून. रवी, सोम, मंगळ. शाळेत हेच घोकलं, पंचांगात हेच छापलेलं असतं. भानुवासर पहिला. ग्रहांच्या राजाला नेऊन सातव्या खुर्चीवर बसवणं ही युरोपची जुनी गैरसमजूत. अमेरिका आणि ज्योतिषशास्त्र यांचं एकमत झालेला हा बहुधा एकुलता एक मुद्दा असेल. मी कोण मोडणारा? रविवार ठेवला.

मग तेरा डिसेंबर टाकलं. कोड म्हणाला: रविवार, आठवडा ५१. पानावर चढवलं.

सोल्वेगला दाखवलं. म्हणाली, देखणं आहे, पण तारीख? मी तिला लाघव समजावून सांगितलं. ती समोर स्वरलिपीची पानं लावत होती. म्हणाली, आकडा नीट बघितलास ना? मी म्हणालो, मी नाही, यंत्राने बघितलाय. म्हणाली, जाहा, मग ठीक.

२८ नोव्हेंबर, शनिवार

पोस्टरं लावली. तीच काळी पार्श्वभूमी, ज्योत, एक ओळ, आणि मोबाइलने टिपायचा चौकोन. किराणा दुकानाच्या फळ्यावर गुनवोरने हाताने लिहिलेला कागद आधीच होता. जाड पेनाने 'रविवार १३ डिसेंबर, ५ वाजता, या ना!' आणि कोपऱ्यात मांजरासारखा दिसणारा पाव. दोन पोस्टरं असली की लोकांचा गोंधळ होतो. तिचा कागद हळूच काढला, घडी करून खिशात ठेवला. टाकून दिला नाही, हे नोंदवतो.

२ डिसेंबर, बुधवार

यश! गावातल्या फुकट साप्ताहिकाने आपण होऊन साइटवरचा मजकूर उचलला. शब्द न बदलता. पान तीनवर, हिवाळी टायरच्या जाहिरातीशेजारी. आता घराघरांत गेला.

गुनवोरचा फोन. मुक्के, हे एक्कावन्न कसं? मी पन्नास समजत होते. मी शांतपणे विचारलं, कॅश साफ केलीस का? कॅश म्हणजे ब्राउझरने साठवलेला जुना माल, आणि आमच्या धंद्यातला आदिकालापासूनचा समजूतदार पाहुणा. काहीही बिघडलं तरी दोष स्वतःकडे घेतो. गुनवोर म्हणाली, अरे, पेपरातही एक्कावन्नच आहे, पेपराची कॅश कुठून साफ करू? म्हातारपणी माणूस हट्टी होतो. विषय बदलला. तिच्या मांजराची चौकशी केली.

६ डिसेंबर, रविवार

साइटवर येणाऱ्यांचा आलेख बघतोय. चढता आहे! कालपासून तर उभाच चढतोय. नंतर लक्षात आलं, त्यांतला मोठा वाटा माझाच, आलेख बघायला येतो त्याचा. तरीही चढता आहे.

सोल्वेगला म्हणालो, खुर्च्या जास्तीच्या काढून ठेव. ती हसली. खूप दिवसांनी हसली. मग तिने खरंच चर्चच्या माणसाला फोन करून तळघरातल्या घडीच्या खुर्च्या वर आणवल्या. केशराच्या पावांची ऑर्डरही दुप्पट केली.

१३ डिसेंबर, रविवार, दुपार

आजचा दिवस. नवा शर्ट. साइट सकाळपासून एकदाही बंद पडलेली नाही. दारात गर्दी झाली तर रांग कशी लावायची, त्याचं चित्र काढून टॉर्केलला दिलं आहे.

त्याच दिवशी, रात्री

रांग लावावी लागली नाही.

नवरे आले होते. त्यांतलाही एक सर्दीने घरी. एक बाई चुकून आली, तिला विणकामाचा वर्ग हवा होता. ती दोन गाणी थांबली.

कारणं: (१) फुटपाथवर बर्फाची काच. (२) टीव्ही. (३) पश्चिमेचा सांस्कृतिक ऱ्हास, ज्यावर स्वतंत्र लेख लिहिता येईल, डोमेन आहे.

सोल्वेगने एकही कडवं गाळलं नाही. मुकुट घातलेली तूवा, शेजाऱ्यांची सोळा वर्षांची पोर, रिकाम्या बाकांमधून तोल सांभाळत चालत आली. तळघरातल्या खुर्च्या भिंतीशी घडी करून उभ्या होत्या त्या उभ्याच. शेवटी सोल्वेगने पानं एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या. म्हणाली, पाव बरेच उरलेत, सगळ्यांनी घरी न्या. माझ्याकडे बघून जाहासुद्धा म्हणाली नाही.

१४ डिसेंबर, सोमवार

सकाळी दारात गुनवोर. म्हणाली, मुक्के, दुकानात मला आतापर्यंत सहा जणांनी विचारलं, या रविवारी पाचचा कार्यक्रम, तर किती वाजता येऊन जागा धरू? मी म्हणालो, कार्यक्रम काल झाला. ती म्हणाली, काल आठवडा पन्नास संपला. एक्कावन्न आज सुरू झाला. आज, सोमवारी. तुझ्या पोस्टरवरचा रविवार यायचाय अजून.

मी तिला भानुवासर समजावून सांगितला. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, आमच्याकडे माणूस सहा दिवस राबतो आणि सातव्या दिवशी आराम करतो. तुमच्याकडे काय, आधी आराम करून मग दमतात? मी म्हणालो, तत्त्वतः, हो.

ती गेल्यावर साइट दुरुस्त केली. दोन मिनिटांत. इतक्या वेगाने मी आयुष्यात काही दुरुस्त केलेलं नाही. आता तिथे 'आठवडा ५०' येतं. म्हणजे होऊन गेलेल्या कार्यक्रमाची अत्यंत अचूक माहिती.

सोल्वेगला स्वतःहून सांगितलं. तिने सगळं ऐकलं. जाहा. ही आठवी छटा. नोंद करायला शब्द नाही.

१५ डिसेंबर, मंगळवार

सोल्वेग सकाळपासून फोनवर. मंडळातल्या प्रत्येकाला एकच वाक्य: लोकांना एक्कावन्न सांगितलंय ना, मग एक्कावन्नमध्ये गायचं. मग मला म्हणाली, साइटवर चूक परत टाक. धंद्यात प्रथमच एखाद्या गिऱ्हाइकाने चूक पूर्ववत करून मागितली. टाकली. जशीच्या तशी.

संध्याकाळी मंडळ आमच्याकडे जमलं. अडचणी. तूवा शुक्रवारी आईबापांबरोबर उन्हाच्या बेटांवर चालली. मंडळातले निम्मे पुरुष डोंगरात, बर्फावर घसरायला. लुसियाचा मुकुट कुणाच्या डोक्यावर? गुनवोर म्हणाली, मी घालते. एकोणीसशे सदुसष्टमध्ये माझी पाळी होती, ऐन वेळी औषधवाल्याच्या मुलीला दिला. टॉर्केल म्हणाला, पण बॅटरीवाला घाल हं, केसांना आग लागेल. ती म्हणाली, केस उरलेत कुठे?

पुरुषांची रांग मात्र भरत नव्हती. सोल्वेगची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

१७ डिसेंबर, गुरुवार

तालीम. मला 'ताऱ्याचा मुलगा' केलं आहे. घोट्यापर्यंत पांढरा झगा, डोक्यावर हातभर उंच कागदी शंकू, त्यावर सोनेरी तारे. हे काम इथे दहा वर्षांची मुलं करतात. मुंजीनंतर मला इतक्या गांभीर्याने कुणी कपडे चढवले नव्हते.

गाणं म्हटलं. माझा गळा लहानपणी संथेत तयार झालेला, उच्चार खणखणीत, प्रत्येक अक्षर पृथक्. दुसऱ्या ओळीला सोल्वेगने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. कोपऱ्यात काहीतरी घुमतंय, म्हणाली. तपास होऊन कोपरा म्हणजे मी असं निघालं. मग माझ्याजवळ येऊन हळूच: तू गाऊ नकोस. ओठ हलव. तुझी उंची उपयोगी आहे.

पाश्चात्त्य संगीताला खुला स्वर सोसत नाही, हे माझं जुनं मत आहे.

२० डिसेंबर, रविवार

चर्च भरलं.

साडेचारलाच भरलं. तळघरातल्या खुर्च्या उलगडल्या, त्याही भरल्या. भिंतीला लागून माणसं उभी, पोरं खांद्यांवर. मी शंकू घालून दारात कार्यक्रमाचे कागद वाटत होतो. एक लोकरी टोपीवाल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, दर वर्षी तेरालाच काय ते ठेवता! तेराला शाळेत नातवंडांची मिरवणूक, ऑफिसात लुसिया, मोठ्या चर्चमध्ये लुसिया, माणसाने कुठे कुठे जावं? यंदा कुणीतरी एकदाचं डोकं चालवून आठवडाभर पुढे ढकललं. कुणाची कल्पना? मी सुरुवात केली, त्याचं असं आहे की, तांत्रिकदृष्ट्या... त्या जागा पकडायला आत गेल्या होत्या.

दिवे मालवले. गुनवोर आली. बॅटरीच्या मेणबत्त्या, ताठ मान, आणि चालण्यात एकोणीसशे सदुसष्टचा सगळा हिशेब. सोल्वेग आमच्याकडे तोंड करून उभी राहण्याआधी लोकांकडे वळली. वळली ती वळलेलीच. इतका वेळ की टॉर्केल हळूच खाकरला. मग फिरली. तिचे डोळे आम्हा रांगेतल्यांना दिसले, लोकांना नाही. तिने हात वर केला.

मी ओठ हलवले. एका ठिकाणी आवाज निघाला असावा, कारण टॉर्केलचं कोपर लागलं.

शेवटी तिने नावं घेऊन एकेकाचे आभार मानले. गुनवोरसाठी लोक उभे राहिले. सर्वांत शेवटी म्हणाली, आणि माझा नवरा, ज्याला बावीस वर्षांत आठवडा मोजता आला नाही, तोच मला हे देऊन गेला. आख्खं चर्च हसलं. मी नम्रपणे वाकलो. शंकू पुढे घसरून नाकापर्यंत आला.

घरी चालत आलो. निसरडं होतं, तिने माझा दंड धरला. म्हणाली, भरलं होतं, बघितलंस? शंकूतून मला अर्धंच दिसलं होतं. म्हणालो, बघितलं.

२१ डिसेंबर, सोमवार

विचारांती: मूळ संकल्पना बरोबर होती. पुढच्या आवृत्तीचा आराखडा सकाळीच कागदावर उतरवला. वाऱ्याची दिशा ओळखणारी ज्योत, रात्रीसाठी आणखी काळा पडदा, काकांचे पर्याय निम्म्यावर.

दुपारी टॉर्केलचा फोन. आता मंडळ त्याचं. मी आराखडा पुढ्यात घेऊन बसलो. तो म्हणाला, साइटचं राहू दे, गुनवोर कागद लिहिणार आहे. म्हणाला, तुझ्याकडे काम दुसरं आहे, वसंतातल्या कार्यक्रमाला तळघरातून खुर्च्या वर आणायला माणूस हवा. मी म्हणालो, आणीन, कधी? तो म्हणाला, आठवडा सोळा, रविवार.

मी म्हणालो, तारीख सांग.